बदकाच्या पिल्लाला ‘काय पण चालतं’ हे सांगणं आता बंद करूया



आज भात नाही, काजू नाही, आंबा नाही. आज बदकाच्या पिल्लांवर लिहितोय. बरेच जण म्हणतील, हा काय विषय झाला. पण गेले दोन महिने हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो. चूक माझी आहे, तीही सांगतो.

वैशाखात आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. नववीत शिकतो. सुट्टीत लोकांच्या बागेत काजू गोळा करून पैसे साठवलेले, त्यातून त्याला बदकाची सहा पिल्लं पाहिजे होती. विकायला नको, अंड्यालाही नको, पाळायला. मी तीन दिवसांची सहा पिल्लं मोजून त्याच्या टोपलीत घातली, पैसे घेतले. जाताना त्याने विचारलं, काका, ह्यांना खायला काय घालू? मी म्हटलं, "कणी घाल, शिळो भात घाल, बदकाक काय पण चलता."

तीन आठवड्यांनी तो बुटाचा खोका घेऊन पुन्हा दारात. खोक्यात दोनच पिल्लं. एक कसंबसं बसलेलं, दुसरं पाय बाहेर टाकून छातीवर पडलेलं. गुडघा म्हणतो आपण, तो सांधा सुजून लिंबाएवढा, आणि पाय धनुष्यासारखे वाकलेले. बाकीची चार गेली. मुलगा रडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, "काकानू, तुमी सांगलात तसाच घातलंय."

हे वाक्य मला लागलं. कारण ते खरं होतं. त्याने काही चुकवलं नव्हतं. मी सांगितलं तेच त्याने केलं, आणि मी सांगितलं तेच चुकीचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, वीस वर्षं बदकं पाळणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? मलाही तोच प्रश्न पडला. त्याचं उत्तर शोधताना जे समजलं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

पूर्वी पिल्लं जगायची, ती कणीवर नव्हे

आमच्या घरी पूर्वीपासून चार-सहा गावठी बदकं असायची. बदकीण किंवा एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसायची, अठ्ठावीस दिवसांनी पिल्लं निघायची. आई सकाळी मूठभर कणी टाकायची आणि पिल्लं व्हाळाकडे निघून जायची ती संध्याकाळी परत. पिल्लं धष्टपुष्ट. आम्ही काय समजलो? की कणीवर वाढली.

कणी ही नुसती न्याहारी होती. खरं जेवण व्हाळात होतं. गोगलगायी, गांडुळं, पाण्यातले किडे, बेडकांची पिल्लं, बारीक मासे, शेवाळ, कोवळं गवत. दिवसभर चोच चिखलात. त्यातून प्रथिनं मिळायची, जीवनसत्त्वं मिळायची, पोटातलं दळण चालायला बारीक रेतीसुद्धा मिळायची.

दोन वर्षांपूर्वी मी अंडी उबवायचं छोटं मशीन घेतलं. आता पिल्लं मशीनमधून निघतात आणि शेडमध्ये, पत्र्याखाली, खोक्यात वाढतात. आई नाही, व्हाळ नाही. आधीच्या सगळ्या व्यवस्थेतली एकच गोष्ट मी जशीच्या तशी ठेवली, ती म्हणजे मूठभर कणी. म्हणजे जेवण काढून घेतलं आणि न्याहारी चालू ठेवली.

माझ्या शेडमध्येही काही पिल्लं पायातून जायची. आम्ही म्हणायचो वात झाला, थंडी लागली, कोणाची तरी नजर लागली. दहातली दोन-तीन जाणारच, असं मी धरूनच चाललो होतो. आणि दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी विकतो. पायाचा त्रास दिसू लागतो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे माझ्या चुकीचं फळ माझ्या घरी थोडंच दिसायचं, जास्त दिसायचं ते घेणाऱ्याच्या घरी. आणि घेणारा बिचारा समजायचा की आपल्यालाच पाळता आली नाहीत.

डॉक्टरांनी काय सांगितलं

तो खोका घेऊन मी आणि तो मुलगा तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पिल्लाचा पाय हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, खायला काय? दुसरा प्रश्न, खाली काय अंथरलंय? दुसऱ्या प्रश्नाचं कारण असं, की गुळगुळीत फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवलं तरी पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. तो दोष जमिनीचा, खाण्याचा नव्हे. खाली गोणपाट किंवा कोरडं तूस असलं की तो टळतो. मुलाने गोणपाटच घातला होता. म्हणजे राहिलं खाणं.

डॉक्टर म्हणाले, नायसिन कमी पडलंय. नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. कोंबडीच्या पिल्लाला ते किलोभर खाद्यात साधारण २७ ते ३५ मिलिग्राम असलं तरी पुरतं. बदकाच्या पिल्लाला ५५ मिलिग्राम लागतं. कारण कोंबडीचं शरीर प्रथिनातल्या एका घटकापासून थोडं नायसिन स्वतः बनवून घेतं, बदकाला ते तेवढं जमत नाही. शिवाय बदकाचं पिल्लू वाढतंही झपाट्याने. अंग वाढतं, वजन वाढतं आणि पाय मागे राहतात.

आता आपल्या कणीचा हिशोब बघा. पांढऱ्या तांदळात किलोमागे नायसिन असतं जेमतेम १५-१६ मिलिग्राम. प्रथिनं सात टक्के. पिल्लाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रथिनं लागतात २० ते २२ टक्के. म्हणजे कणीने पोट भरतं आणि पिल्लू उपाशीच राहतं. शिळा भात तर त्याहून हलका, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणी.

डॉक्टरांनी एक जुनी गोष्टही सांगितली. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आइकमान नावाचे डच डॉक्टर होते. तिथे कोंबड्यांना सडीचा पांढरा भात घातला जायचा, तेव्हा कोंबड्या पायातून जायच्या. कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या व्हायच्या. त्यातूनच माणसाच्या बेरीबेरी रोगाचं कारण सापडायला सुरुवात झाली आणि १९२९ मध्ये आइकमानना नोबेल मिळालं. तिथे कमी पडलेलं जीवनसत्त्व बी-१ होतं, आपल्या बदकांचं बी-३ आहे, दोन्ही वेगळी. पण मुद्दा तोच. नुसत्या पांढऱ्या तांदळावर पाखरू उभं राहत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी जगाला कळलेली गोष्ट माझ्या गोठ्यात आत्ता पोचली.

त्या दोन पिल्लांना पाण्यातून नायसिन सुरू केलं, लिटरमागे साधारण ३० मिलिग्राम. खाद्य बदललं. जे बसत होतं ते चार-पाच दिवसांत उभं राहिलं आणि आज धावतंय. दुसऱ्याची पायाची शीर सांध्यावरून सरकली होती, तो पाय कायमचा वाकडा राहिला. लंगडतं, पण खातं-पितं. ध्यानात ठेवा, लवकर कळलं तर पाय सुधारतो, उशीर झाला तर हाडाचा बाक जात नाही. माणसाच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या अंदाजाने फोडून घालू नका. प्रत्येक गोळीत नायसिन वेगवेगळं असतं. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा.

"आमच्या आवशीन खंय घातल्यान?"

हे सगळं मी वाडीत सांगितलं तेव्हा एक जाणते गृहस्थ म्हणाले, "आमच्या आवशीन खंय ह्या सगळा घातल्यान? जगाचा ता जगता." हाच सूर बऱ्याच जणांचा असतो. त्याला माझं उत्तर आहे. आपल्या आयांनी घातलं नाही, कारण त्यांना घालावं लागलं नाही. त्यांच्याकडे बदकीण होती आणि बारमाही व्हाळ होता. तुमच्याकडे दोन्ही असेल तर तुम्हीही घालू नका, मूठभर कणी बस्स. पण पिल्लू मशीनचं, जागा अंगणातली आणि पाणी प्लास्टिकच्या टबातलं असेल, तर आईची पद्धत पुरणार नाही. व्हाळ जे देत होता ते आता आपल्या हाताने द्यायला लागेल.

दुसरं म्हणणं खर्चाचं. बदकाला विकतचं खाद्य परवडत नाही, असं आपण म्हणतो. हेही मोजून बघूया. खाकी कॅम्पबेल जातीचं बदक वीस आठवड्यांचं होईपर्यंत साधारण साडेबारा किलो खाद्य खातं. मी या वेळी वजनकाट्यावर मोजलं, पहिल्या तीन आठवड्यांत एका पिल्लाला किलोभर खाद्य लागलं. म्हणजे एकूण खाण्याच्या बाराव्या हिश्शात त्याच्या पायाचा, हाडाचा आणि पुढच्या अंड्यांचा निकाल लागतो. पुढचे अकरा किलो तुम्ही कणी-कोंडा, गोगलगायी, पाला यावर बरेचसे भागवू शकता. पण काटकसर आपण नेमकी त्या पहिल्या किलोत करतो. भाताच्या तरव्याला खत घालायचं नाही आणि लावणीनंतर पोतं ओतायचं, त्यातला हा प्रकार.

मग घालायचं काय

मी आता काय करतो ते लिहितो. तुमच्याकडे वस्तू वेगळ्या असतील, त्याप्रमाणे बदला.

दहा किलो खाद्यासाठी: कणी आणि मक्याची भरड मिळून पावणेपाच किलो, गिरणीचा ताजा कोंडा दीड किलो, सोयाबीनची पेंड अडीच किलो, सुक्या मासळीची पूड एक किलो, खनिज मिश्रण पाव किलो. यात प्रथिनं २१-२२ टक्क्यांच्या आसपास बसतात. जीवनसत्त्वांचं मिश्रण पाकिटावर लिहिलेल्या मात्रेने वेगळं. तीन आठवड्यांनंतर सोयाबीन पेंड एक किलोने कमी करायची आणि तेवढी कणी वाढवायची, म्हणजे प्रथिनं १८ टक्क्यांवर येतात. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, ते पचत नाही. तेल काढलेली, भाजून निघालेली पेंडच घ्या.

नायसिनसाठी मी वाळलेलं ब्रुअर्स यीस्ट मिसळतो. पशुखाद्याच्या मोठ्या दुकानात सांगून ठेवलं की मिळतं. पाव भाजायचं जिवंत यीस्ट ते हे नव्हे. ते पोटात फुगतं, घालू नका. हिरवे वाटाणे उकडून कुस्करून दिले तर पिल्लं तुटून पडतात, थोडं नायसिनही मिळतं. पण नुसत्या वाटाण्यावर भागेल असं समजू नका.

सुक्या मासळीबद्दल आपल्या कोकणात जास्त सांगायला हवं. आपल्याकडे मासळी दोन प्रकारची, नुसती उन्हात वाळवलेली आणि मीठ लावून खारवलेली. पिल्लांना खारवलेली चालत नाही. बदकाच्या पिल्लाला मीठ फार लवकर बाधतं. बिनमिठाचं सुकट किंवा बारीक मासळी घ्या. खात्री नसेल तर भिजवून, दोन पाणी काढून, पुन्हा कडक वाळवून मग पूड करा.

दुकानातलं तयार खाद्य घेणार असाल तर पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचा. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर चालतं, पण त्यात नायसिन बदकाच्या हिशोबाने नसतं, ते वरून द्या. दुसरं, त्यात कॉक्सीचं औषध मिसळलेलं आहे का बघा. ती मात्रा कोंबडीच्या पिल्लाच्या खाण्यावर धरलेली असते, आणि बदकाचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त खातं. शक्यतो औषधाविनाचं घ्या, नाही मिळालं तर आधी डॉक्टरांना दाखवा. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लाला अजिबात घालू नका. त्यात कवचासाठी चुना भरपूर असतो, तो पिल्लाच्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

पाव, बिस्किट, फरसाण, दूध हे मुलं प्रेमाने घालतात. पावाने पोट भरतं, पोषण काही नाही. दूध पाखराला पचत नाही, ढाळ लागते. मुलांना रागावू नका, त्यांच्या हातात बारीक चिरलेला शेवग्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या किंवा चार गांडुळं द्या. घालण्याचा आनंद त्यांना तेवढाच.

पाला, गांडूळ, कणी असं काहीही घालत असाल तर सोबत नदीची बारीक धुतलेली रेती एका करवंटीत ठेवा. पाखराला दात नाहीत, पोटातली रेतीच जातं. रेती नाही तर दळण नाही.

शेंगदाण्याची पेंड: इथे जिवाशी गाठ आहे

शेंगदाण्यात नायसिन भरपूर. मग कोणीही म्हणेल, पेंड घाला, सोपं काम. मीही एकदा तेच करून बसलो असतो. पण शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागते, आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, बदकाच्या पिल्लाइतकं लवकर दुसऱ्या फार थोड्या प्राण्यांना मारतं.

हे विष सापडलं तेच पाखरांच्या मरणातून. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखावर पिल्लं मेली. बदकाची पिल्लंही मेली. सुरुवातीला कोणाला रोग ओळखता येईना. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पुढे प्रयोगशाळेत धान्यात हे विष आहे का हे तपासायला एक दिवसाची बदकाची पिल्लंच वापरत, कारण जराशा विषानेही त्यांचं काळीज बिघडायचं.

आपल्या पावसात, ओल्या गोदामात पेंड चार महिने पडून राहिली तर काय होतं ते सांगायला नको. आणि बुरशी झटकून, उन्हात घालून, भाजून हे विष जात नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. पावसाळ्यात बदकाच्या पिल्लाला शेंगदाण्याची पेंड नाही. मक्याला, कोंड्याला, कशालाही कुबट वास आला, गुठळी झाली, तर ते खतात. "गुरांना चालेल, पिल्लांना चालेल" हा विचार इथे महागात पडतो.

तसंच भिजवलेलं खाद्य. पिल्लाला कोरडं पीठ चोचीला चिकटतं, घशात अडकतं, म्हणून जरा ओलसर करून द्यायचं ते बरोबर. पण आपल्या हवेत ते दोन-तीन तासांत आंबतं. थोडं थोडं द्या, उरलेलं काढा, भांडं घासा.

पाणी प्यायला, पोहायला नव्हे

खाणं म्हटलं की पाणी आलंच. बदक घास घेतं आणि पाण्याकडे धावतं. पाण्याविना खाद्य ठेवलं तर पिल्लू गुदमरू शकतं. भांडं एवढं खोल हवं की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, डोळे धुता येतील, पण पिल्लू आत पडणार नाही. मी पसरट भांड्यात गोटे ठेवतो.

बदक म्हणजे पोहणारच, म्हणून पहिल्या आठवड्यात टबात सोडतात. आईबरोबरच्या पिल्लाला आईच्या पंखाखाली ऊब असते, तिच्या पिसांचं तेल त्याच्या लवेला लागतं. मशीनच्या पिल्लाला दोन्ही नाही. ते भिजतं, गारठतं आणि जातं. पहिल्या आठवड्यात त्याला ३० ते ३२ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. एलईडी बल्ब लावून "लाईट लावलाय" म्हणू नका, त्याची ऊब लागत नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब लागतो. गारठलेलं पिल्लू खातच नाही, मग खाद्य कितीही चांगलं असो.

अझोला आणि मोबाईलवरचे व्हिडिओ

आता थोडं आपल्या कृषी क्षेत्रातल्या जाणकारांशी बोलतो, रागावू नका. "अझोला करा, बदकं फुकटात वाढवा" असं सगळीकडे सांगितलं जातं. अझोला चांगलाच आहे, माझ्याकडे दोन वाफे आहेत. पण "प्रथिनं पंचवीस टक्के" हा आकडा वाळलेल्या अझोल्याचा. ताज्यात ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी. किलोभर ताज्या अझोल्यात कोरडा माल साठ ग्रॅम, आणि त्यात प्रथिनं पंधरा ग्रॅम. एवढ्याशा पिल्लाच्या पोटात किती पाणी भरणार? मोठ्या बदकाला जोड म्हणून उत्तम, पिल्लाचं मुख्य जेवण म्हणून नाही. हा फरक कोणी तरी स्पष्ट सांगायला हवा.

तेच जपानच्या व्हिडिओचं. ताकाओ फुरुनो नावाच्या जपानी शेतकऱ्याने भातात बदकाची पिल्लं सोडण्याची पद्धत जगभर नेली. तण खातात, किडे खातात, चिखल ढवळतात, सगळं खरं. पण तिथेही पिल्लांना आधी जमिनीवर जपतात आणि शेतात सोडल्यावरही वरखाद्य देतात, एवढा भाग व्हिडिओत दिसत नाही. आणि आपल्याकडे कुणग्यात खेकड्यासाठी, किडीसाठी औषध टाकलेलं असेल तर तिथे पिल्लू सोडणं म्हणजे विष खायला सोडणं. शेजाऱ्याच्या कुणग्यातलं पाणी आपल्याकडे उतरतं, तेही विचारून घ्या.

अजून एक म्हणणं आहे. आपल्याकडच्या कुक्कुटपालनाच्या शिबिरात बदक म्हणजे शेवटची पाच मिनिटं. "बदक काटक असतं, रोग कमी" म्हटलं की संपलं. मोठं बदक काटक आहेच. पिल्लू काटक नाही, आणि मरतं ते पिल्लूच. शिबिर घेणाऱ्यांनी या पहिल्या तीन आठवड्यांवर अर्धा तास बोलावं, एवढीच विनंती.

खाद्याचं पोतं पन्नास किलोचं. सहा पिल्लांचं घर ते कधी संपवणार? फोडलेलं पोतं आपल्या पावसात महिनाभरात कुबट होतं, आणि मग वरचं बुरशीचं प्रकरण सुरू. म्हणून आम्ही वाडीतल्या पाच घरांनी आता एक पोतं मिळून घ्यायचं ठरवलंय. घट्ट झाकणाच्या डब्यात, फळीवर, भिंतीपासून लांब. ज्याचा त्याने हिशोब लिहायचा.

अती तेथे माती

हे वाचून कोणी पिल्लांना दोन महिने भारी खाद्य चारत बसू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापुढेही फार ताकदीचं खाद्य चालू ठेवलं, हिंडणं नसलं, तर पंखांची वाढ मनगटापेक्षा पुढे जाते आणि पंखाचं टोक बाहेर वळतं. ते दिसताच खाद्य हलकं करा, पाला वाढवा, मोकळं सोडा. बदकाचं पिल्लू काहीही खातं हे जितकं खोटं, तितकंच भरपूर चारलं की झालं हेही खोटं. वयाप्रमाणे खाणं, एवढंच सूत्र.

विकणाऱ्याची जबाबदारी

शेवटी माझं मत स्पष्ट लिहितो. पिल्लू विकणाऱ्याने त्याचं पहिल्या तीन आठवड्यांचं खाणं सांगितलं नाही, तर त्याने पिल्लू विकलं नाही, पोराला फसवलं. आठवडा बाजारात खोक्यात घालून, रंग लावून पिल्लं विकतात त्यांना आपण नावं ठेवतो. मी रंग लावला नाही, एवढाच फरक. बाकी काम तेच केलं.

मी आता स्वतःसाठी चार नियम केलेत. पिल्लामागे एक किलो खाद्य सोबत देणार, त्याची किंमत पिल्लाच्या किमतीत धरणार. महाग पडतंय म्हणेल त्याने घेऊ नये. एकटं पिल्लू देणार नाही, कमीत कमी दोन, कारण एकटं पिल्लू झुरतं आणि खाणं सोडतं. ऊब देण्याची सोय नाही त्याला भर पावसात देणार नाही. आणि दहाव्या आणि विसाव्या दिवशी घेणाऱ्याला फोन करून विचारणार, पिल्लू चालतंय कसं, सांधे सुजले नाहीत ना. पिल्लू बसून राहत असेल, चालताना डुलत असेल, तर त्याच दिवशी हालचाल करायची, "बघू उद्या" नाही. बदकं विकणाऱ्या इतरांनीही यातलं जमेल ते करावं. गिऱ्हाईक कमी होईल, झालं तर होऊ दे.

त्या मुलाला मी पैसे परत द्यायला गेलो होतो. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, पैसे नकोत, ह्या दोघांचं खाद्य द्या. मी म्हटलं, चार पिल्लं पुन्हा देतो. तो म्हणाला, आता नको, आधी ही दोन मोठी होऊ देत. नववीतल्या पोराला कळलं ते मला पन्नाशीत कळलं.

त्या दोघांचं खाद्य दर महिन्याला माझ्या डब्यातून जातं. लंगडं आहे ते कालच घसरत घसरत व्हाळात उतरलं, असा त्याचा निरोप आला आहे. बाकी तुमच्याकडे पिल्लं असतील तर आज संध्याकाळी त्यांच्या पायाकडे एकदा बघा.

चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

तुमचाच एक शेतकरी